रात्री झोपता कुठे?

फुटपाथवर राहणाऱ्या माणसाला मतदार व्हायचं असेल, तर पत्त्याचा पुरावा तो कुठून आणणार? निवडणूक आयोग त्याच्याकडे कागद मागतच नाही. अर्जात त्याने जी जागा सांगितली, तिथे बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) रात्री जाऊन बघतो, हा खरंच इथे झोपतो का. एकाच नव्हे, एकाहून अधिक रात्री. आणि हा बीएलओ बहुधा दिवसा शाळेत शिकवणारा मास्तर, नाहीतर अंगणवाडीताई!

मतदारयादीतल्या पत्ताबदलाचंही सगळं मर्म या रात्रीच्या फेरीत आहे. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा तुमच्या मालकीचं घर कुठे आहे ते विचारत नाही, तुम्ही राहता कुठे ते विचारतो. कोथरूडला फ्लॅट घेऊन कुलूप लावून ठेवलात, तर तेवढ्यावर तुम्ही तिथले मतदार होत नाही. उलट बीडचा ऊसतोड मजूर कोयता घेऊन हंगामभर सांगली-कोल्हापूरकडे गेला, तरी तेवढ्यासाठी गावच्या यादीतलं त्याचं नाव जात नाही. तुरुंगात दिवस काढणाराही तुरुंगाचा रहिवासी धरला जात नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी माणसाच्या येण्याजाण्याचा किती बारीक विचार केला होता!

पण परळची चाळ सोडून कायमचे नालासोपाऱ्याला गेलात, तर मात्र पत्ताबदलाचा फॉर्म ८ भरायचा. पूर्वी मतदारसंघ बदलला की नवमतदारासारखा फॉर्म ६ भरावा लागे. ऑगस्ट २०२२ पासून हेही काम फॉर्म ८ मध्येच होतं. पत्ता बदलतो, मतदार कार्डावरचा तीन अक्षरं आणि सात अंकांचा नंबर तोच राहतो. वीजबिल, आधार, पासबुक यांपैकी एखादा पुरावा चालतो. भाडेकरूला नोंदणीकृत भाडेकरारही चालतो, त्यामुळे घरमालकाच्या विनवण्या करायला नकोत.

‘गावच्या यादीतही असू दे की नाव’ म्हणणारे एक काका प्रत्येक घरात असतात. त्यांना सांगा, दोन ठिकाणी नाव ठेवायला कायद्याची बंदी आहे आणि खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

त्याच मतदारसंघात दोन गल्ल्या पलीकडे गेलात तरी अर्ज कराच. यादीचा भाग बदलू शकतो, मतदान केंद्र बदलू शकतं. शिवाय महापालिकेच्या प्रभागयाद्या विधानसभेच्याच यादीतून फोडून काढतात. म्हणजे आमदार तोच, पण नगरसेवक निवडायचा तो भलत्याच प्रभागाचा, असं व्हायचं.

अर्ज वर्षभर घेतात. मात्र उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद, आणि त्याआधी तपासणीला वेळ लागतो तो वेगळाच. केंद्रावर खिशातल्या कार्डाइतकंच यादीतलं नाव लागतं. ते आलं की नाही, हे मतदार पोर्टलवर नंबर टाकून कळतं, नाहीतर हेल्पलाइनला फोन करून. तिचा क्रमांक १९५०, कायद्याचं सालच.