खेळाडूच्या पात्रतेचा एक जुना निवाडा

फुटबॉलच्या सामन्यांत अमुक खेळाडू खेळण्यास पात्र होता कीं नव्हता, अशा तक्रारी नेहमींच उद्भवतात. त्यांच्या निकालाची रीत कशी बनत गेली, हें समजण्यास इ. स. १८८४ चा एक इंग्रजी निवाडा फार उपयोगी आहे.

लंडन येथें १८६३ त स्थापन झालेल्या फुटबॉल असोसिएशननें १८८२ त असा नियम केला कीं, प्रत्यक्ष खर्च व बुडालेली मजुरी यांहून अधिक कांहीं घेणाऱ्या खेळाडूस चषकाच्या सामन्यांत खेळतां येऊं नये, व त्यास ठेवणारा संघ असोसिएशनमधून वगळावा. नियम स्पष्ट होता. अडचण पुराव्याची होती. लँकाशायरचे संघ स्कॉटलंडांतून खेळाडू आणीत व मोबदला बहुधा नोकरीच्या आडून देत.

१८८४ च्या जानेवारींत प्रेस्टन नॉर्थ एंड व लंडनचा हौशी संघ अप्टन पार्क यांचा सामना १-१ असा बरोबरींत सुटला. अप्टन पार्कनें असोसिएशनच्या समितीकडे तक्रार गुदरली. प्रेस्टनचे कारभारी विल्यम सडेल यांनीं बाहेरचे खेळाडू आणून त्यांस कामधंदा लावून देण्याची चाल नाकारली नाहीं. ती इतर संघांतही रूढ आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. समितीनें प्रेस्टनला त्या वर्षींच्या स्पर्धेतून काढून टाकलें.

वतनाच्या वादांतील तकरीर, जबाब व निवाडा हा क्रम वाचकांस येथें ओळखीचा वाटेल. भेद इतकाच कीं, आपल्याकडे असंतुष्ट पक्ष दुसऱ्या ठिकाणच्या गोताकडे दाद मागूं शके. तेथें नियम करणारी व न्याय देणारी संस्था एकच होती. त्यामुळें त्याच वर्षीं उत्तरेकडील संघांनीं निराळी संस्था काढण्याची धमकी दिली.

अखेर २० जुलै १८८५ रोजीं धंदेवाईक खेळाडूंस मान्यता मिळाली. परंतु चषकाच्या सामन्यांकरितां संघाच्या ठिकाणापासून सहा मैलांच्या आंत जन्म किंवा मागील दोन वर्षें वास्तव्य असावें, आणि प्रत्येकाचें नांव दरसाल असोसिएशनच्या वहींत नोंदलें जावें, अशा अटी पडल्या. येणेंप्रमाणें वादाचा आधार तोंडच्या साक्षीवरून लेखी नोंदीवर आला. हौशी व धंदेवाईक हा भेद पुढें १९७४ त असोसिएशननेंच रद्द केला.

मजुरी बुडवून खेळणारा गरीब खेळाडू कोणाच्या दृष्टीनें अपात्र ठरला, हें अशा नोंदवह्या व तक्रारअर्जांवरूनच कळतें. जुन्या क्रीडासंघांचीं दप्तरें रद्दींत जाऊं न देणें म्हणूनच अगत्याचें आहे.