शिखर दिसते, गँगमन दिसत नाही

ठाणे, डोंबिवली, कल्याणला राहणाऱ्या आपल्या माणसांचे निम्मे आयुष्य लोकलच्या गर्दीत जाते. तेव्हा नांदेड-नागपूरकडे दिवसा जाणाऱ्या गाडीत खिडकीची जागा मिळाली, तर मुलांना डोंगर दाखवावेत, असे आम्ही आग्रहाने सांगतो. डोंगर ओळखणे ही काही हौशी गिर्यारोहकांची मक्तेदारी नव्हे.

ठाणे सोडले की गाडी १९१६ साली खुल्या झालेल्या पारसिक बोगद्यात शिरते. डोंबिवली-कल्याणच्या टापूत उजव्या हाताला मलंगगड दिसतो. कल्याणला मार्ग फुटतो. एक कर्जतहून बोरघाटाकडे, दुसरा कसाऱ्याहून थळघाटाकडे. कसाऱ्याच्या वाटेवर आसनगावला डावीकडे माहुलीचे सुळके येतात. घाट चढून इगतपुरी, घोटी आली की उजवीकडे कळसूबाई. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत जास्त. पुढे मनमाडजवळ अंगठ्यासारखी उभी हडबीची शेंडी आणि अंकाई-टंकाईची जोडी.

पण डोंगर पाहून झाला की दुसरा प्रश्न विचारलाच पाहिजे. या डोंगरातून रूळ कोणी नेले? थळघाटात ३७ फुटांमागे १ फूट अशी चढण आहे. कसाऱ्याला गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. १८६५ साली हा घाटमार्ग सुरू झाला. त्याच्या इंजिनियरांची, कंत्राटदारांची नावे ग्रंथांतून सापडतात. कडे फोडणाऱ्या आणि माती वाहणाऱ्या हजारो हातांची नावे कोणी लिहून ठेवली?

रूळ झाल्यावर तरी काय बदलले? ज्या मनमाडला ती शेंडी दिसते, तिथेच फेब्रुवारी १९३८ मध्ये जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे बाबासाहेबांनी तिथे बजावले. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि त्याच जागी जन्म काढतो. पोर्टरची साधी नोकरीही त्याला मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचे काम पडते आणि तिथे विटाळ आडवा येतो, ही वस्तुस्थिती त्यांनी मांडली. मनमाडहून दौंडच्या फाट्याने अंकाई ओलांडली की येवला लागते. १३ ऑक्टोबर १९३५ ची धर्मांतराची घोषणा तिथलीच. आपला इतिहास असा याच रुळांच्या कडेला पडलेला आहे.

आजही भर पावसात, दरडीवर डोळा ठेवून, ट्रॅकमन घाटातले रूळ पायी तपासतो. त्याच्या भरवशावर आपण खिडकीत निवांत बसतो. म्हणून मुलांना कळसूबाई जरूर दाखवा, माहुली दाखवा. आणि गाडीला वाट देऊन रुळाच्या कडेला उभा राहिलेला तो माणूसही दाखवा. ज्याला डोंगराचे नाव ठाऊक आहे, त्याला घाट फोडणाऱ्यांचा इतिहासही ठाऊक असला पाहिजे.