सातबाऱ्यातला 'बारा'

दिवाळीत गावी गेले की माझा मुक्काम मोठ्या जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात. तिथे फडताळात, मसाल्याच्या डब्याशेजारी, शाळेची एक जुनी वही असते. दुधाचा हिशोब असेल असंच मला वाटायचं. यंदा सहज उघडली, तर आत चक्क शेत होतं! 'विहिरीजवळचं', 'चिंचेखालचं', 'ओढ्याकडचं'... प्रत्येक वावराला एक पान. कोणत्या साली काय पेरलं, किती पोती झाली, कोणता रोग आला, सगळं मोडक्यातोडक्या अक्षरांत.

"कशाला लिहिता हो एवढं?" मी विचारलं.

"अगं, चिंचेखालचा हरभरा मर लागून गेला होता. दोनच वर्षांनी ह्यांनी पुन्हा तिथंच हरभऱ्याचा घाट घातला. माणूस विसरतं, माती विसरत नाही."

खरंच आहे. मर रोगाची बुरशी जमिनीत कित्येक वर्षं तग धरते. आधी काय होतं ते ठाऊक असेल, तरच पुढे काय घ्यायचं ते ठरवता येतं.

ही झाली घरातली वही. सरकारदरबारी हाच इतिहास सातबाऱ्यावर असतो. गाव नमुना सात सांगतो जमीन कुणाची, आणि बारा सांगतो तिच्यात काय पिकलं. पूर्वी ही पिकांची नोंद तलाठी करायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर 'ई-पीक पाहणी' आली आणि शेतकऱ्याला ती स्वतःच मोबाइलवरून करता येऊ लागली.

आमच्याकडे हे काम पुतण्याकडे होतं. गेल्या वर्षी सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी होत्या. त्याने घाईघाईत 'निर्भेळ पीक' निवडून नुसतं सोयाबीन टाकलं. सोयाबीन निघालं, तूर उभी राहिली, जानेवारीत पोती भरली. हमीभावाच्या केंद्रावर गेल्यावर कळलं, कागदावर तूरच नाही! शेवटी ती व्यापाऱ्याला कमी भावाने द्यावी लागली.

"मी निंदलेली, मी राखलेली तूर," जाऊबाई म्हणाल्या, "अन् कागद म्हणतो नव्हतीच!"

यंदा पावसाळ्यात त्यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला. लेकीला शेजारी उभं केलं. हंगाम, गट, मग 'मिश्र पीक', सोयाबीन आणि तूर दोन्हींचं क्षेत्र, पाण्याचं साधन, पेरणीची तारीख. शेवटी फोटो. तो वावरात उभं राहूनच काढायचा, कारण फोटोबरोबर जागेचीही नोंद होते. संध्याकाळी लक्षात आलं, तुरीचं क्षेत्र चुकलं! पण ४८ तासांच्या आत नोंद दुरुस्त करता येते हे लेकीला माहीत होतं. केली दुरुस्त.

एकाच ठिकाणी त्या थबकल्या. सुरुवातीला खातेदाराचं नाव निवडायचं असतं. यादीत भाऊजींचं नाव होतं, धाकट्या दिरांचं होतं, शहरात राहणाऱ्या आणि औत कधीही न धरलेल्या माझ्या नवऱ्याचंसुद्धा होतं. बावीस वर्षं त्या रानात राबणाऱ्या जाऊबाईंचं मात्र कुठेच नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत. भाऊजींच्या नावावर बोट ठेवलं आणि पुढे गेल्या.

मैत्रिणींनो, 'सात'वर आपलं नाव चढायला वेळ लागेल, त्यासाठी घरात भांडावंही लागेल. पण 'बारा' आपल्याला आजही लिहिता येतो. पीकविमा, नुकसानभरपाई, हमीभाव, सगळीकडे हाच कागद बघतात. तेव्हा मुदत संपायच्या आत एकदा फोन मागून घ्या. वावरात जे उभं आहे, तेच कागदावर आहे ना, बघा.

आणि वही बंद करू नका. मर कोणत्या वावरात लागला होता, हे फोन विचारत नाही.

निघताना जाऊबाईंनी ओढ्याकडची तूर दाखवली. फुलावर आली होती. या वेळी ती कागदावरही आहे.