'फ्लेमेबल' आणि 'इन्फ्लेमेबल'मध्ये नेमका फरक काय? टँकरवरचा हा शब्द अनेकांना चकवतो

महामार्गावर पेट्रोलच्या टँकरमागे 'हायली इन्फ्लेमेबल' असे लिहिलेले तुम्ही अनेकदा वाचले असेल. घरातल्या सॅनिटायझरच्या बाटलीवर किंवा डिओडरंटच्या कॅनवर मात्र 'फ्लेमेबल' असे छापलेले दिसते. 'व्हिजिबल' म्हणजे दिसणारे आणि 'इनव्हिजिबल' म्हणजे न दिसणारे. मग 'इन्फ्लेमेबल' म्हणजे पेट न घेणारे का? अजिबात नाही. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे, सहज पेट घेणारे, म्हणजेच ज्वलनशील.

गोंधळ कशामुळे होतो?

लॅटिनमध्ये 'इन' हा उपसर्ग दोन प्रकारे येतो. एक नकार दाखवतो, आपल्या 'अदृश्य'मधल्या 'अ'सारखा. दुसऱ्याचा अर्थ 'आत' असा असून तो क्रियेला जोर देतो. लॅटिनमध्ये 'फ्लामा' म्हणजे ज्वाला आणि 'इन्फ्लामारे' म्हणजे पेटवणे. 'इन्फ्लेमेबल' त्यातूनच आला. मराठीत 'ज्वलित'ला 'प्र' लागून 'प्रज्वलित' होते, तेव्हा अर्थ फिरत नाही. इथेही तसेच आहे. डॉक्टर सूज आणि दाहासाठी वापरतात तो 'इन्फ्लमेशन' हा शब्दही याच कुळातला.

मग 'फ्लेमेबल' कुठून आला?

'इन्फ्लेमेबल' हा जुना शब्द. तो इंग्रजीत सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. 'फ्लेमेबल' एकोणिसाव्या शतकात दिसू लागला, पण फारसा रुळला नव्हता. 'इन' म्हणजे नकार समजून कुणी बेसावध राहू नये, यासाठी अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकात 'फ्लेमेबल'चा आग्रह धरला. ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशननेही १९५९ मध्ये हीच भूमिका घेतली.

एका शब्दाने एवढा फरक पडतो?

पडू शकतो. बेंजामिन ली व्होर्फ हे भाषेचे अभ्यासक, पण शिक्षणाने केमिकल इंजिनीअर आणि नोकरी अग्निविमा कंपनीत. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक काळजी घेतात, पण 'रिकाम्या' पिंपांजवळ बिनधास्त सिगारेट ओढतात, असे त्यांनी नोंदवले. प्रत्यक्षात रिकाम्या पिंपात इंधनाची वाफ उरलेली असते आणि तीच स्फोटाला कारण ठरू शकते. 'रिकामे' हा शब्दच माणसाला गाफील करतो.

काय लक्षात ठेवाल?

* 'फ्लेमेबल' असो वा 'इन्फ्लेमेबल', ती वस्तू आगीपासून दूर ठेवा. पेट न घेणाऱ्या वस्तूसाठी 'नॉन-फ्लेमेबल' हा शब्द आहे.
* शब्दात अडकू नका, खूण पाहा. टँकरवरच्या लाल चौकटीत ज्वालेचे चित्र आणि खाली ३ हा आकडा असेल तर ज्वलनशील द्रव, २ असेल तर ज्वलनशील वायू.
* पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते.

त्यामुळे टँकर उलटलेला दिसला, तर कॅन घेऊन इंधन गोळा करायला किंवा व्हिडिओ काढायला जवळ जाऊ नका. लांब जा, इतरांनाही लांब ठेवा आणि ११२ वर फोन करा.