मुलांचा पहिला सोबती: कासव, पोपट की कढीपत्त्यावरची अळी?

दहावा वाढदिवस जवळ आला तशी अंधेरीतल्या माझ्या भाचीने फर्माईश केली, "मावशी, मला कासव हवंय. स्क्विर्टलसारखं."

पोकेमॉन पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. त्या जगात मूल दहा वर्षांचं झालं की प्रोफेसरकडे जातं आणि तीन प्राण्यांतून आपला पहिला सोबती निवडतं: बुल्बासोर, चारमँडर किंवा स्क्विर्टल. हा खेळ 1996 साली जपानमध्ये आला आणि 2003च्या सुमारास त्याची कार्टून मालिका आपल्याकडच्या टीव्हीवर लागली. तेव्हा शाळेतून धावत घरी येणारी मुलं आज स्वतः आई-बाप आहेत. त्यामुळे "घरात एक तरी प्राणी हवा" हा हट्ट हल्ली फक्त मुलांचा राहिलेला नाही.

हट्ट चांगलाच आहे. फक्त खेळातला प्राणी थकला तर मिनिटभरात ताजातवाना होतो. घाटकोपरच्या वन-बीएचकेतला प्राणी आजारी पडला तर आजारीच असतो, आणि त्याला ते सांगताही येत नाही. म्हणून दुकानात शिरण्याआधी काही गैरसमज घरीच दूर केलेले बरे.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे "प्राणी छोटा, तर काम छोटं". कासवाच्या बाबतीत तो अगदी महागात पडतो. उपनगरांतल्या माशांच्या दुकानांत काचेच्या भांड्यात जी हिरवीगार, रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठी पिल्लं पोहताना दिसतात, ती बहुतेक वेळा रेड-इअर्ड स्लायडर जातीची असतात. डोळ्यामागे लाल पट्टा दिसला की ओळखावं. हे कासव मूळचं अमेरिकेच्या दक्षिण भागातलं. त्याची पाठ वीस ते तीस सेंटिमीटरपर्यंत वाढते, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी. नीट सांभाळलं तर ते वीस-तीस वर्षं जगतं. आज दहा वर्षांच्या असलेल्या मुलीचं लग्न होऊन तिचं मूल शाळेत जाऊ लागेल, तेव्हाही हे कासव टाकीतच असेल. त्याला पोहायला भरपूर पाणी लागतं, अंग सुकवायला पाण्याबाहेर कोरडी जागा लागते आणि ऊन किंवा अतिनील किरणांचा खास दिवा लागतो. ऊन मिळालं नाही की कवच मऊ पडतं. प्लास्टिकचं नारळाचं झाड लावलेल्या त्या चिमुकल्या डबीत यातलं काहीच नसतं.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हे जंतू असू शकतात, आणि ते वरून कितीही स्वच्छ दिसलं तरी असू शकतात. लहान मुलं कासव हातात घेतात आणि तोच हात तोंडात घालतात. याच कारणासाठी अमेरिकेत 1975पासून साधारण दहा सेंटिमीटरपेक्षा लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर कासव नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे.

"मोठं झालं की पवईच्या तलावात सोडू" हा त्याच्यापुढचा गैरसमज. सोडणाऱ्याला ते पुण्याचं काम वाटतं. पण जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत हे कासव आहे. ते आपल्या देशी कासवांचं अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावतं, सोबत रोगही नेतं. तलाव असो की देवळाचं तळं, तिथे ते सोडणं म्हणजे तिथल्या जिवांवर संकट सोडणं. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं तारा कासव तर विचारूही नये. तो आपल्या देशातला वन्य प्राणी आहे आणि कायद्याने त्याला सर्वांत वरच्या दर्जाचं संरक्षण आहे.

पोपटाचंही तेच. "आमच्या आजीकडे मिठ्ठू होता, मग आम्ही पाळला तर काय बिघडलं?" हे मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत ऐकू येतं. गळ्याला गुलाबी-काळा कंठ असलेला आपला हिरवा पोपट 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तो पकडणं, विकणं, विकत घेणं, पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे आणि त्यात तुरुंगवासही होऊ शकतो. आजीच्या काळी कुणी अडवलं नाही म्हणून आज तो कायदेशीर होत नाही. घरात असा पोपट आधीपासून असेल तर खिडकी उघडून उडवूनही देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्याला अन्न शोधता येत नाही, कावळे त्याला टिकू देत नाहीत. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.

आता मासे. "काचेच्या गोल बाऊलमध्ये एक गोल्डफिश, रोज चिमूटभर खाणं, झालं." गोल्डफिश हा खूप घाण करणारा मासा आहे. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया साठतो आणि छोट्या भांड्यात तोच त्याला मारतो. मग घरचे म्हणतात, "गोल्डफिश असाच असतो, महिनाभर जगतो." खरं तर मोठ्या, फिल्टर लावलेल्या टाकीत तो दहा वर्षं सहज जगतो. त्याची आठवण तीन सेकंदांची असते हेही खोटं. मासे खाणं देणाऱ्याला आणि खाण्याची वेळ ओळखायला शिकतात, महिनोन् महिने लक्षात ठेवतात.

मासेच हवे असतील तर मी गप्पी सुचवेन. डासांच्या अळ्या खातात म्हणून महापालिका विहिरींत आणि टाक्यांत जे सोडते, तेच हे मासे. तीस-चाळीस लिटरची टाकी आणि एक छोटा फिल्टर एवढ्यात भागतं. नळाचं पाणी भांडुपच्या केंद्रात क्लोरीन घालून शुद्ध होऊन येतं, म्हणून ते बादलीत एक दिवस उघडं ठेवायचं आणि मगच टाकीत घालायचं. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं, सगळं कधीच नाही. टाकी आणली त्याच दिवशी मासे सोडू नयेत. घाण पचवणारे उपयोगी जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला काही आठवडे लागतात, आणि या घाईपायीच नवीन टाकीतले मासे सर्वाधिक मरतात. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. काचेला नाक लावून बसलेल्या मुलाला एका संध्याकाळी पापणीच्या केसाएवढी पिल्लं वनस्पतीच्या आडोशाला लपताना दिसतात, तो क्षण कुठल्याच खेळात नाही. पिल्लं जास्त झाली तर मात्र ओढ्यात, तलावात सोडायची नाहीत. गप्पीही परदेशातलेच.

सशाबद्दल थोडक्यात. तो गाजरावर जगत नाही, त्याला मुख्यतः वाळलेलं गवत लागतं, कारण त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात. त्याला उचलून घेतलेलं आवडत नाही, आणि धडपडला तर त्याचा कणाच मोडू शकतो. मुंबईचा मे महिना त्याला सोसत नाही. रस्त्यावर विकायला येणारी गुलाबी-निळी रंगवलेली कोंबडीची पिल्लं तर कृपा करून घेऊच नका. ती बहुतेक काही दिवसांत मरतात, आणि मुलाच्या मनात पहिला सोबती म्हणून तेवढंच राहतं.

कुत्रा घ्यायचा झाला तर दोन गोष्टी ऐकू येतात: "जातिवंतच हवा" आणि "सोसायटी परवानगी देणार नाही." पहिलं कारण फोटोचं आहे. दाट केसांचा हस्की बर्फासाठी जन्मलेला, त्याला बारा महिने एसीत कोंडावं लागतं. आपला गावठी, ज्याला आता सगळे इंडी म्हणतात, या हवेत मुरलेला आहे. दुसऱ्यावर उत्तर असं की भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेही प्राणी पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, वेगळे पैसेही आकारता येत नाहीत. पण सकाळी जिन्यात झालेली घाण उचलणं हे आपलंच काम, ते शेजाऱ्यांवर ढकलू नका. पिल्लू आठ आठवड्यांचं होण्याआधी आईपासून तोडू नये. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर आणि पुढे दरवर्षी, महापालिकेचा परवानाही काढायचा. चावा किंवा ओरखडा लागला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. आणि एक हिशेब मांडा. कुत्रा बारा-पंधरा वर्षं जगतो. मूल बारावीला असेल, मग शिकायला बाहेर जाईल, तेव्हा पहाटे खाली कोण नेणार? ज्या मोठ्या माणसाचं नाव या प्रश्नाच्या उत्तरात येतं, कुत्रा त्याचा असतो. त्याला तो मनापासून हवा असेल तरच आणा.

भाचीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. मग मी तिला आमच्या गॅलरीत नेलं. कढीपत्त्याच्या कुंडीत एका पानावर चिमणीच्या विष्ठेसारखा दिसणारा ठिपका होता. ती बहुरूपी फुलपाखराची, म्हणजे कॉमन मॉरमॉनची अळी. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून लहानपणी असाच वेश. आठवड्याभरात ती हिरवीगार झाली. भाचीने पेन्सिलीच्या टोकाने हळूच स्पर्श केला तशी डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर आली आणि उग्र वास सुटला.

"मावशी, ही कॅटरपी आहे!"

बरोबर होतं तिचं. कॅटरपी या पोकेमॉनच्या डोक्यावरचा लाल अवयव आणि त्याचा वास अशाच अळ्यांवरून घेतलेला आहे. पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करत, त्यातूनच त्यांना ही कल्पना सुचली. कार्टूनचा नायक ॲश याने जंगलात सर्वांत आधी पकडलेला प्राणीही कॅटरपीच; त्याचंच पुढे बटरफ्री हे फुलपाखरू होतं. अशा अळीचा सोबती होण्यासाठी पैसे लागत नाहीत, परवाना लागत नाही. लागतात फवारणी न केलेली पानं आणि तीनेक आठवड्यांचा धीर. बाजारातून आणलेला कढीपत्ता चालत नाही, त्यावर औषध असू शकतं.

तिने वहीत रोज लिहिलं. कोष कुंडीच्या काठीला रेशमी दोऱ्याने बांधलेला होता, त्याला तिने हात लावला नाही. दहाव्या दिवशी तो काळसर झाला. सकाळी शाळेच्या गडबडीत तिने हाक मारली. काळं, पांढऱ्या ठिपक्यांची रांग असलेलं फुलपाखरू गॅलरीच्या ग्रीलला लटकून ओले पंख सुकवत होतं. तासाभराने ते समोरच्या बिल्डिंगच्या दिशेने उडालं.

"ॲशनेसुद्धा बटरफ्रीला सोडलंच होतं," ती म्हणाली, आणि दुसरं पान उलटून पाहू लागली.