तूर: दोन खंडांचं एक पीक

मलावी हा आफ्रिकेच्या आग्नेय भागातला, समुद्रकिनारा नसलेला छोटा देश. त्याच्या दक्षिण भागात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाऊस सुरू झाला की शेतकरी मक्याच्या जोडीनं तूर टोकतात. तिकडे तिला ‘नंदोलो’ म्हणतात. मका एप्रिल-मेमध्ये निघतो. तूर मात्र जमिनीत मुरलेल्या ओलीवर कोरड्या महिन्यांतही उभी राहते आणि जुलैपासून पुढे तिच्या शेंगा हाती येतात. उरलेल्या तुराट्या चुलीत जातात. लातूर किंवा यवतमाळच्या शेतकऱ्याला यात नवं काही वाटणार नाही, फक्त हंगाम उलटा. पण हा उलटा हंगामच कळीचा आहे. आपली नवी तूर बाजारात येते डिसेंबर-जानेवारीत. त्याआधीच्या टंचाईच्या महिन्यांत आपल्या वरणात मोझांबिक, टांझानिया आणि मलावीच्या तुरीचा वाटा असतो.

जगाची शेती टिकाऊ आणि न्याय्य कशी करायची, या चर्चेत तुरीचं नाव क्वचितच निघतं. तिचं काम पाहिलं तर ते आधी निघायला हवं.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण पिकाला तो तसा घेता येत नाही. १९०९ साली फ्रिट्झ हाबर यांनी हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवून दाखवला. १९१३ मध्ये कार्ल बॉश यांनी जर्मनीत ओपाऊ इथे त्याचा कारखाना उभा केला. आज जगातली साधारण निम्मी माणसं या रसायनाच्या जोरावर जेवतात, हे विसरून खतांना सरसकट शिव्या घालणं मला अन्यायाचं वाटतं. मात्र या प्रक्रियेला ४०० अंशांच्या वर तापमान, प्रचंड दाब आणि भरपूर नैसर्गिक वायू लागतो. पिकानं न उचललेलं नत्र विहिरीत नायट्रेट होऊन उतरतं, नाहीतर नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातं, आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापदायक आहे. वाटपही विषम आहे. कुठे उसाच्या फडात गरजेपेक्षा जास्त युरिया पडतो, तर मलावीच्या शेतकऱ्याला शेजारच्या देशांच्या बंदरांतून ट्रकनं आलेली गोणी परवडत नाही.

तूर हेच काम जमिनीखाली, नेहमीच्या तापमानात करते. ते पाहायचं असेल, तर पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी एखादं झाड निवडा. ते उपटू नका, कारण मुळांवरच्या गाठी तुटून मातीतच राहतात. खुरप्यानं भोवतालची माती सैल करून मूळ अलगद उचला आणि पाण्यात धुवा. बारीक मुळ्यांवर गाठी दिसतील. त्यातली एक नखानं चिरली आणि आत लालसर गुलाबी रंग दिसला, तर ती कामाला लागलेली आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या प्रथिनाचा. गाठीत राहणाऱ्या रायझोबियम गटातल्या जिवाणूंना श्वासासाठी ऑक्सिजन हवा असतो, पण नायट्रोजन फोडणारं त्यांचं विकर ऑक्सिजन लागताच निकामी होतं. लेगहिमोग्लोबिन तो मोजून-मापून पोचवतं. झाड जिवाणूंना साखर देतं, जिवाणू झाडाला नत्र.

गळलेला पाला आणि कुजलेली मुळं यांतून काही नत्र पुढच्या पिकालाही मिळतं. तुरीचा बेवड चांगला, हे आपल्याकडे जुन्या शेतकऱ्यांना ठाऊक होतंच. हैदराबादजवळ पाटनचेरूच्या ‘इक्रिसॅट’ संस्थेत त्याचं मोजमाप झालं: तुरीनंतर घेतलेल्या मक्याला झालेला फायदा हेक्टरी साधारण ४० किलो नत्राइतका होता. म्हणजे ४५ किलोच्या जवळजवळ दोन गोण्या युरिया.

याच संस्थेत नोरिहारू आए आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. तांबड्या मातीत स्फुरद लोहाशी घट्ट बांधलेलं असतं आणि बहुतेक पिकांना ते सुटत नाही. तुरीची मुळं पिसिडिक आम्ल सोडतात. ते लोहाला धरून ठेवतं आणि स्फुरद मोकळं होतं. ज्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे डीएपीला पैसे नाहीत, त्याच्यासाठी याचं मोल मोठं आहे.

मलावीत झीगलिंडे स्नॅप यांच्या गटानं गावोगावच्या शेतकऱ्यांसोबत अनेक वर्षं प्रयोग केले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: तुरीसारखी झुडपी कडधान्यं फेरपालटात घेतली, तर निम्म्या खतात तेवढंच धान्य मिळतं, आणि त्यात प्रथिनं जास्त असतात. खत पूर्ण बंद करा, असं हा प्रयोग सांगत नाही. थोडं खत आणि कडधान्य एकत्र वापरा, असं सांगतो.

मग हे पीक सगळीकडे का पसरत नाही? उत्तर बाजारात आहे. २०१५ मध्ये आपल्याकडे तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. २०१६ च्या जुलैत भारतानं मोझांबिकशी डाळ खरेदीचा करार केला. इकडे शेतकऱ्यांनीही भरभरून तूर पेरली, पाऊस झाला, आणि देशाचं उत्पादन जवळजवळ दुप्पट झालं. ५,०५० रुपये हमीभाव असताना बाजारात त्याहून कमी दर मिळू लागला. महाराष्ट्रातल्या खरेदी केंद्रांवर बारदाना संपला आणि तुरीनं भरलेले ट्रॅक्टर रांगेत उभे राहिले. सरकारनं ५ ऑगस्ट २०१७ रोजी आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. सरकारी करारातली तूर तेवढी वगळली.

त्या तारखेला मलावीत तुरीची काढणी चालू होती. आठ-नऊ महिन्यांपूर्वी टोकलेल्या पिकाचं गिऱ्हाईक एका अधिसूचनेनं गेलं आणि पूर्व आफ्रिकेत भाव कोसळले. लातूरच्या शेतकऱ्याची आयात रोखण्याची मागणी चुकीची होती का? मुळीच नाही. पण निर्णय अशा वेळी आला की इकडची तूर बरीचशी विकली गेली होती आणि तिकडची दारात आली होती. दोन्हीकडचा कोरडवाहू शेतकरीच भरडला गेला.

२०२१ मध्ये मलावीशी पाच वर्षांसाठी दरसाल ५०,००० टनांचा करार झाला, ही चांगली सुरुवात. पण त्याच वर्षी मे महिन्यात आयात ठरावीक मुदतीपुरतीच खुली झाली आणि ती मुदत टप्प्याटप्प्यानं वाढत राहिली. आपला शेतकरी जूनमध्ये पेरतो, मलावीचा नोव्हेंबरमध्ये. आयातीचं धोरण मे महिन्यातच, आणि निदान दोन-तीन वर्षांसाठी जाहीर झालं, तर दोघांनाही पेरणीपूर्वी हिशेब करता येईल. हमीभावाची खरेदी तूर घरात येण्याआधी, पुरेशा बारदान्यासह सुरू व्हायला हवी. शिवाय युरियाच्या गोणीवर सरकार मोठं अनुदान देतं, तर दोन गोण्यांइतकं नत्र शेतातच तयार करणाऱ्याला त्याबद्दल एक पैसा मिळत नाही. त्या अनुदानाचा काही भाग तूर, हरभरा, मूग घेणाऱ्याच्या खात्यात हेक्टरी जमा करायला काय हरकत आहे? तुरीखालच्या क्षेत्राची नोंद सातबाऱ्यावर, ई-पीक पाहणीत होतेच.