आरोग्य साहेबांचे, आजार सफाई कामगारांचे

अलीकडे मोठमोठ्या कंपन्यांना आपल्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा फारच कळवळा आला आहे. योगाचे वर्ग भरतात, जिमची वर्गणी कंपनी भरते, ताणतणावावर तज्ज्ञांची व्याख्याने होतात. याला आमचा विरोध नाही. माणूस म्हणजे यंत्र नव्हे, हे मालकवर्गाला उशिरा का होईना उमगले. आमचा प्रश्न एवढाच आहे की, व्याख्यान संपल्यावर त्याच सभागृहाची फरशी पुसणारी बाई 'कर्मचारी' या शब्दात बसते की नाही?

ती बसत नाही. कारण तिची हजेरी कंत्राटदाराच्या वहीत असते. ॲसिडने संडास घासायचे, पण हातमोजे नाहीत. जेवणाचा डबा जिन्याखाली बसून खायचा. आजारी पडली की खाडा आणि खाडा झाला की पगार कापला! तिच्या चहाचा कप वेगळा ठेवणारी कार्यालये आजही आहेत. हे काम करणारे हात बहुतांशी कोणत्या वस्त्यांमधून येतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

हे दुखणे जुने आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्याला चांगला पगार होता. पण तिथे धागा तोंडाने ओला करावा लागे. अस्पृश्याचा हात लागलेला धागा तोंडात कसा घालायचा, या सबबीवर आपल्या माणसांना त्या खात्याचे दार बंद होते. त्यांच्या वाट्याला कमी पगाराची खाती आली. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे बजावले, ते उगाच नव्हे.

बाबासाहेब नुसते बजावून थांबले नाहीत. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी गिरणीतील स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. स्त्रीच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकानेही तिच्या बाळंतपणाचा भार उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९४२ ते १९४६ या काळात ते मजूरमंत्री होते. याच काळात प्रा. अदारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला आणि त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ ची. यामागचे सूत्र एकच होते. कामगाराचे आरोग्य ही मालकाची मेहेरबानी नसून कायद्याने मिळणारा हक्क आहे.

कंत्राटी पद्धतीने नेमका हाच हक्क पळवला. मुंबई महापालिकेतील २,७०० कचरा कामगारांचे कंत्राट हा निव्वळ देखावा ठरला. ते कायम कामगार असल्यावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले, ते २०१७ साली! तोवर किती वर्षे उघड्या हातांनी कचरा उचलण्यात गेली?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. कंत्राटी कामगारांना धुण्याची, विश्रांतीची, प्रथमोपचाराची सोय मूळ मालकानेच द्यावी, असे त्यात म्हटले आहे. पण गोम पुढे आहे. ही तरतूद ५० किंवा त्याहून अधिक कंत्राटी कामगार असतील तरच लागू होते. दहा-पंधरा माणसांवर कार्यालय झाडून घेणारा मालक आणि त्याचा छोटा कंत्राटदार मोकळेच! तरीही कामगार विम्याचे हत्यार हाती आहे. दहा कामगार असले तरी विमा लागू होतो. मालकाचा वाटा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के. त्यातून औषधोपचार मिळतो, आजारपणात रोख भत्ता मिळतो, क्षयरोगासारख्या लांबलेल्या दुखण्यातही आधार मिळतो.

म्हणून आमचे सांगणे आपल्याच शिकलेल्या, नोकरीत स्थिरावलेल्या बंधू-भगिनींना आहे. आपल्या कार्यालयात झाडू मारणाऱ्या बाईला तिचा विमा क्रमांक विचारा. पगारातून विम्याची रक्कम कापली जाते, पण ती भरली जाते का, हे तपासा. हातमोजे आणि बसायला जागा मिळावी म्हणून तिच्या अर्जाखाली आपलीही सही करा. बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालून हे काम होणार नाही. ज्या कचेरीत झाडणारी आजारी आहे, त्या कचेरीला निरोगी म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.